दुसरा प्रश्न

वक्ते अजून उठलेले नाहीत, पण त्यांच्यापुढचं टेबल भरून गेलं आहे. वाहिन्यांचे बूम रबरबँडने एकत्र बांधून उभे केले आहेत. त्यांच्या पायथ्याशी मोबाइल पसरलेत, सगळ्यांवर रेकॉर्डिंग चालू. एकाची काच कोपऱ्यात तडकलेली आहे. एक कॅमेरामन वाकून पाण्याची बाटली फ्रेमबाहेर सरकवतो आणि अंगठा वर करतो.

पुण्यात नवी पेठेतल्या पत्रकार भवनात श्रमिक पत्रकार संघाचा वार्तालाप सुरू होतो आहे. जुलैचा पाऊस बाहेर धरून बसला आहे. गांजवे चौकाच्या बाजूने आलेल्यांच्या छत्र्या दाराशी निथळतायत. रस्त्यावर स्पर्धा परीक्षेची मुलं पाठीवरची सॅक रेनकोटखाली झाकून अभ्यासिकेकडे चालली आहेत. मुठा इथून चालत काही मिनिटांवर आहे, आणि आजचा विषयही तीच आहे : खडकवासल्याचा विसर्ग आणि शहरातला पूर.

पाहुणे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता आहेत. सुती बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. संघाचे पदाधिकारी चार वाक्यांत ओळख करून देतात आणि खाली बसतात. मला हे मनापासून आवडतं. स्वागत लांबलं की प्रश्नांचा वेळ जातो.

अभियंता भाषणाला हातच घालत नाहीत. फळ्यावर चार आकडे लिहितात. पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, खडकवासला १.९७. खाली रेघ मारून बेरीज, २९.१५ टीएमसी. मग शेवटच्या आकड्याभोवती गोल काढतात.

"वरची तीन मोठी धरणं आणि खाली हे एवढंसं. वरच्यांनी सोडलेलं पाणी इथेच येतं. मधल्या डोंगरांवर पडलेला पाऊसही इथेच येतो. आता मोबाइल काढा आणि गणित करा. रिकाम्या खडकवासल्यात ३५ हजार क्युसेकने पाणी येऊ लागलं, तर ते किती वेळात भरेल?"

सभागृहात एकदम हालचाल होते. ज्यांचे मोबाइल टेबलावर आहेत ते शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावतात. पहिल्या रांगेतली एक तरुण वार्ताहर वहीतच भागाकार मांडते. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. शून्यं मोजताना तिचं पेन एकदा अडतं, पुन्हा चालतं.

"सोळा तासांच्या आत," ती म्हणते.

"बरोबर. धरण पूर्ण रिकामं असतानाही सोळा तास नाहीत. जुलैअखेर ते निम्मं-पाऊण भरलेलं असतं. मग हातात किती तास राहतात ते तुम्हीच सांगा." ते थांबतात. "आणि ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ १० लाख लिटर. तुमच्या सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर येतो ना? तसे शंभर टँकर, दर सेकंदाला."

विसर्गाचे आकडे पावसाळाभर रोज छापून येतात. क्युसेक हा शब्द पुण्यात रिक्षावालाही वापरतो. पण त्यामागचं पाणी आज या खोलीत डोळ्यांपुढे उभं राहतंय. मागच्या रांगेत मघापासून कुजबुजणारे दोघे गप्प होऊन लिहायला लागलेत.

वार्तालाप आणि पत्रकार परिषद यांत बाहेरच्या माणसाला फारसा फरक दिसणार नाही. खुर्च्या त्याच, चहाही तोच. पण पत्रकार परिषद बोलावणाऱ्याची असते. त्याला जे सांगायचं ते तो सांगतो, प्रेसनोट वाटतो आणि प्रश्न टोचायला लागले की घड्याळ बघत उठतो. इथे यजमान पत्रकार आहेत. वक्ता त्यांच्या घरी आलेला आहे, आणि पाहुण्याला प्रश्न अर्धवट टाकून जाता येत नाही. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार याच सभागृहात येतात तेव्हा हा फरक लख्ख दिसतो. सभेत टाळी घेणारं वाक्य इथे पडतं आणि समोरून शांतपणे विचारलं जातं, "पैसे कुठून आणणार?"

याच पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. शहराला ऐकायची सवय त्या परंपरेने लावली आणि तिचं ऋण मोठं आहे. विचारायची सवय मात्र अशा छोट्या सभागृहांत टिकून आहे. आज ती जपायची गरज मला फार तीव्रतेने वाटते, कारण बोलणाऱ्यांनी दुसरी वाट शोधली आहे. आपलं म्हणणं मोबाइलवर चित्रित करायचं आणि वार्ताहरांच्या ग्रुपवर टाकून द्यायचं. त्या चित्रफितीला प्रश्न विचारता येत नाही.

आता प्रश्न सुरू झालेत. पहिला सगळ्यांच्या मनातला आहे. "सर, पाऊस येणार हे माहीत असतं. मग आधीपासून थोडं थोडं पाणी का सोडत नाहीत?"

याचं उत्तर अभियंत्यांनी नोकरीत असताना अनेकदा दिलं असणार, ते सरळ ओघात येतं. धरणात कोणत्या तारखेला किती पाणी ठेवायचं याचं वेळापत्रक आधीच ठरलेलं असतं. आधी पाणी सोडलं आणि पाऊस आलाच नाही, तर उन्हाळ्यात पुण्याचे नळ कोरडे पडतात आणि कालव्यावरचं दौंड-इंदापूर तहानेलं राहतं. सोडलं नाही आणि पाऊस कोसळला, तर नदीकाठची घरं बुडतात. उत्तर प्रामाणिक आहे. बातमीलाही पुरेसं आहे. दोन कॅमेरे बंद होतात, एक ट्रायपॉड मिटतो.

वहीत भागाकार करणारी वार्ताहर तेवढ्यात हात वर करते. ती उभी राहते, पण वहीकडे बघत नाही.

"सर, निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते ना?"

"हो. लाल शंभर वर्षांतल्या पुराची."

"सिंहगड रस्त्याला एकतानगरीच्या भागात २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं. २०२४ च्या २५ जुलैला तर माणसं होड्यांतून बाहेर काढावी लागली. पाच वर्षांत दोनदा. मग पंचवीस वर्षांची रेषा नेमकी कुठे आहे?"

अभियंता खडू उचलतात, परत ठेवतात. या प्रश्नाचं उत्तर तयार नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना कळतं. मिटलेला ट्रायपॉड पुन्हा उघडतो.

मग ते फळ्यावर नदीचा आडवा छेद काढतात, उतरते काठ असलेलं पसरट पात्र. त्यात पाण्याची पातळी दाखवणारी रेघ. नंतर एका बाजूने खडूने भराव रंगवत नेतात. राडारोडा, भिंत, रस्ता. पात्र निम्मं होतं. पाण्याची रेघ पुसून ते ती वर काढतात.

"पाणी तेवढंच. वरून तेवढंच सोडलं. पण जागा कमी झाली म्हणून पातळी वर गेली. पूररेषा काढताना नदीचे असे छेद मोजतात आणि त्यांवरून पाणी कुठवर येईल याचं गणित करतात. मोजल्यानंतर नदी बदलली, तर कागदावरची रेषा तिथेच राहते आणि पाणी पुढे जातं."

मागून एक प्रौढ आवाज येतो. "पण सगळंच धरणावर ढकलू नका. २०१९ च्या २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याने माणसं नेली. तिथे धरणाचा दरवाजा नव्हता."

"खरंय," अभियंता म्हणतात. "तिथे तर ओढ्याची रुंदी हाच प्रश्न आहे. मी नदीचं बोलतो, तुम्ही ओढ्यांवर स्वतंत्र वार्तालाप ठेवा."

यानंतर उभे राहतात ते निवृत्त पत्रकार आहेत, पंच्याहत्तरीला आलेले. संघाच्या कार्यक्रमांना ते नेमाने येतात आणि शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसतात.

"पानशेत फुटलं तेव्हा मी शाळेत होतो. १२ जुलै १९६१. आमच्या घरी पूर येतोय ही बातमी शेजारच्या काकूंनी आणली. वडील म्हणाले, अफवा असेल. मग पायरीला पाणी लागलं." ते क्षणभर थांबतात. "मला एवढंच विचारायचं आहे. आज धरणाचा दरवाजा उचलल्यापासून नदीकाठच्या शेवटच्या घराला कळेपर्यंत किती वेळ जातो? हे कोणी मोजलंय का?"

या प्रश्नाने माझ्या अंगावर काटा येतो. त्यांनी जन्मभर बातम्या लिहिल्या, आणि त्यांच्या मनात राहिली आहे ती वेळेवर न पोचलेली बातमी. नागरिकांचं हित हा शब्द आम्ही अग्रलेखात सहज लिहितो. त्याचा अर्थ इथे एका घराच्या पायरीपर्यंत येऊन थांबला आहे.

अभियंता उत्तर टाळत नाहीत. विसर्ग वाढवण्याआधी जिल्हा प्रशासनाला आणि महापालिकेला कळवलं जातं, इथपर्यंतची साखळी ते नीट सांगतात. "पालिकेपासून घरापर्यंतचा वेळ मोजल्याचं माझ्या काळात मी पाहिलं नाही," ते म्हणतात. "मोजायला हवा होता. आम्हीही तो मागायला हवा होता."

कोणी ही कबुली हेडलाइन म्हणून पकडायला धावत नाही. वहीवाली वार्ताहर लगेच तिसरा प्रश्न टाकते. "नदीचे छेद शेवटचे कधी मोजले?"

"मी निवृत्त होण्याआधीचे मला माहीत आहेत. नंतरचे कार्यालयात मागा. मागताना 'पूररेषेची माहिती' असं मोघम लिहू नका. कुठल्या पुलापासून कुठल्या पुलापर्यंतचे छेद, कुठल्या तारखेला मोजलेले, हे नावानिशी लिहा. नाहीतर नकाशा देऊन मोकळे होतील."

आभार एका वाक्यात होतात. कागदी कपांतून चहा येतो. बूम सुटतात, टेबलावरून ज्याचा त्याचा मोबाइल उचलला जातो. वाहिन्यांची मंडळी जिन्यावर अभियंत्यांना बाईटसाठी थांबवतात आणि ते तिथेही आधी क्युसेक म्हणजे काय तेच सांगतात.

सभागृहात तीन वार्ताहर एकाच टेबलाशी बसलेत. तिघेही वेगवेगळ्या दैनिकांचे, एरवी एकमेकांना बातमीचा वाससुद्धा लागू न देणारे. आज एकच अर्ज तिघे मिळून लिहितायत. वही त्या मुलीची, अक्षर तिचंच. "खडकवासला ते म्हात्रे पूल," ती लिहिते. "संगमापर्यंत घे," दुसरा म्हणतो. निवृत्त पत्रकार खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि म्हणतात, इशाऱ्याच्या वेळेचा मुद्दा वेगळ्या अर्जात टाका, एकात दोन विषय घातले की परत पाठवतात. ती पान उलटते, दुसरा अर्ज सुरू करते, आणि माहिती अधिकारासाठी लागणारी १० रुपयांची कोर्ट फी तिकिटं कुणाकडे आहेत का ते विचारते.