उमरच्या हातची पानं

“सर, अमेरिकेत मुसलमान कधीपासून आहेत?” तिकोणा पेठेतल्या आठवीच्या एका मुलीने विचारलं. नोकरीसाठी लोक जाऊ लागले तेव्हापासून, असंच मी सांगणार होतो. पण मग मोबाईल काढला.

पश्चिम आफ्रिकेतले आलिम उमर इब्न सईद यांना 1807 मध्ये गुलाम म्हणून अमेरिकेत विकलं गेलं. 1831 मध्ये त्यांनी अरबीत आपली हकीकत लिहिली. तोवर त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. तरी सुरुवात बिस्मिल्लाह आणि सूरह मुल्कने! सारी सत्ता अल्लाहच्या हाती, असं सांगणारी ही सूरह लिहिणारा माणूस दुसऱ्याच्या मालकीचा होता.

तिचं इंग्रजी भाषांतर ‘अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात 1925 मध्ये आलं. मूळ पानं लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2019 मध्ये इंटरनेटवर खुली केली. त्या काळाबद्दल सोप्या इंग्रजीत वाचायचं तर ‘कॉमनप्लेस’ हे ऑनलाइन नियतकालिक मोफत आहे. शोधताना नाव इंग्रजीत टाका.

ही गुलामी संपवणाऱ्या अमेरिकनांनाच जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली. उमर मात्र गुलाम असतानाच वारले.

अक्षर मगरिबी वळणाचं, आपल्या सवयीचं नाही. पण मुलीला सूरह पाठ होती. स्क्रीनवर बोट ठेवून ती अडखळत वाचू लागली.