जकातीच्या वाटेवरचे किल्ले

इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, जेथे फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमा आल्प्सच्या माथ्यावर येऊन मिळतात, तेथे आओस्ता नावाचे खोरे आहे. मधून दोरा बाल्तेआ नदी वाहते. दोन्ही बाजूंना कड्यांवर, टेकाडांवर, कधी भर वस्तीतही मध्ययुगीन किल्ले, गढ्या आणि बुरूज दिसत राहतात. भारतातून निघणाऱ्या सहली बहुधा व्हेनिस व मिलान पाहून थेट स्वित्झर्लंडकडे वळतात आणि हे खोरे बाजूला राहून जाते. व्यापारी घरातील माणसाने मात्र ते मुद्दाम पाहावे. कारण येथील किल्ल्यांचा इतिहास लढायांपेक्षा जकातीचा, मालमत्तेचा आणि वारसाहक्काचा अधिक आहे.

आल्प्स ओलांडण्यासाठी येथून दोन खिंडी आहेत. ग्रेट सेंट बर्नार्ड २,४६९ मीटर उंचीवर आणि लिटल सेंट बर्नार्ड २,१८८ मीटर उंचीवर. दोन्हींच्या वाटा आओस्ता शहरात एकत्र येतात आणि तेथून नदीच्या कडेने इटलीच्या मैदानात उतरतात. रोमनांनी इसवी सनापूर्वी २५ साली आओस्ता वसवले ते याच वाटांसाठी. पुढे रोमला निघालेले यात्रेकरू आणि मालाची खेचरे घेऊन निघालेले व्यापारी, सर्वांना हीच वाट होती.

या रोमन रस्त्याचा एक तुकडा खोऱ्याच्या तोंडाशी दोनास गावात अजून शिल्लक आहे. सुमारे २२० मीटर लांबीचा हा रस्ता डोंगराचा कातळ तासून काढलेला आहे. एके ठिकाणी कातळ पूर्ण न काढता त्यातच कमान कोरली आहे. खाली दगडात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल आहेत की त्यांत हात घालून पाहण्याचा मोह आवरत नाही. शेजारी ३६ हा रोमन आकडा कोरलेला मैलाचा दगड आहे, म्हणजे आओस्तापासून छत्तीस रोमन मैल. मध्ययुगात हीच कमान गावाची वेस झाली आणि रात्री ती बंद केली जाई. उशिरा पोहोचणाऱ्याची रात्र बाहेरच जात असणार.

दोनासहून थोडे वर गेले की खोरे एकदम आवळते. नदीकाठी उभ्या असलेल्या प्रचंड खडकावर बार्दचा किल्ला आहे आणि पायथ्याशी एकाच अरुंद गल्लीचे, दगडी घरांचे बार्द गाव. येथून चोरून पुढे सरकणे अशक्य होते. ज्याच्या हाती हा खडक, त्याच्या हाती वाटसरूंची थैली. तेराव्या शतकात येथील सरदार ह्यूग याने या जागेचा पुरेपूर फायदा घेतला आणि जाणाऱ्यायेणाऱ्या व्यापाऱ्यांकडून व प्रवाशांकडून भरमसाट पथकर उकळला. रहिवासी इतके त्रासले की त्यांनी सावॉयच्या काउंटकडे, चौथ्या आमेदेओकडे, धाव घेतली. १२४२ साली त्याने बार्द ताब्यात घेतले. किल्ला अभेद्य होता, तरी मालक गेला. जकातीचा दर ठरवणाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी ही नोंद आहे.

बार्दची कीर्ती आणखी एका प्रसंगामुळे आहे. मे १८०० मध्ये नेपोलियनचे सुमारे चाळीस हजारांचे सैन्य ग्रेट सेंट बर्नार्डची खिंड उतरून आले, आणि येथे जेमतेम चारशे ऑस्ट्रियन शिपायांनी त्याला दोन आठवडे अडवून धरले. अखेर फ्रेंचांनी रस्त्यावर शेण व गवत पसरून, तोफांची चाके गवताने गुंडाळून, रात्रीच्या अंधारात त्या गुपचूप गावातून पुढे नेल्या. शरणागतीनंतर नेपोलियनने किल्ला पाडायला लावला. आज दिसतो तो १८३० ते १८३८ या काळात नव्याने बांधलेला. त्यात आता आल्प्सचे संग्रहालय आहे आणि वर जाण्यासाठी काचेच्या लिफ्ट आहेत, त्यामुळे वडीलधाऱ्यांनाही तेथे सहज जाता येते.

आओस्ताच्या वाटेवर फेनिस लागते. दुहेरी तटबंदी, बुरूजांची गर्दी. चित्रातला किल्ला म्हणतात तो हाच. गंमत अशी की तो उंच कड्यावर नाही, साध्या उंचवट्यावर आहे. संरक्षणापेक्षा रुबाबासाठी बांधलेला. आतल्या चौकातील लाकडी सज्जांच्या भिंतींवर ज्ञानी पुरुषांची रांग चितारली आहे आणि प्रत्येकाच्या हाती जुन्या फ्रेंचमधील बोधवचनाची पट्टी आहे. किल्ला शालां घराण्याच्या हातून गेल्यावर येथे एके काळी गुरे बांधली जात आणि गवत साठवले जाई. त्या ज्ञानी पुरुषांपुढे!

मुक्काम आओस्ता शहरात करणे सोयीचे. आहाराबाबत दोन शब्द आवश्यक आहेत. फोंतीना हे खोऱ्याचे प्रसिद्ध चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरून बनते, म्हणून ते आपल्याला वर्ज्यच. मक्याचा पोलेंता हा येथील गरिबाघरचा जुना पदार्थ चालण्यासारखा. पण बहुतेक ठिकाणी त्यात हेच चीज ढवळलेले असते, तेव्हा साधा मागावा आणि कशात शिजवला तेही विचारावे. नोक्कीत बटाटा असतो. सफरचंदे, अक्रोड, चेस्टनट मात्र उत्तम मिळतात. जून महिन्यात सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो, त्यामुळे चौविहार करणाऱ्यांची अडचण होत नाही. हिवाळ्यात मात्र उपाहारगृहे उघडण्याआधीच अंधार झालेला असतो. खाखरे आणि कोरडा नाश्ता बरोबर असावाच.

परतीच्या वाटेवर वेरेस आणि इसोन्ये हे दोन किल्ले नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, आणि खोऱ्यातील सर्वांत महत्त्वाचा ऐवज येथेच आहे. दोन्ही शालां घराण्याचे. वेरेस म्हणजे कड्यावर ठेवलेला दगडाचा चौकोनी ठोकळा, प्रत्येक बाजू सुमारे तीस मीटर. बुरूज नाही, नक्षी नाही. इब्लेतो द शालांने तो १३९० मध्ये पुरा केला.

इब्लेतोचा मुलगा फ्रांचेस्को १४४२ मध्ये वारला. त्याला मुलगा नव्हता. मार्गेरिता आणि कातेरीना या दोन मुली होत्या, आणि मृत्युपत्रात त्याने मालमत्ता त्यांच्या नावे केली होती. मृत्युपत्र स्पष्ट होते. तरीही चुलत शाखेतील जाकोमोने सावॉयच्या कायद्यावर बोट ठेवले: जहागीर मुलीकडे जात नाही. मार्गेरिताला नमते घ्यावे लागले. कातेरीना हटली नाही. तिने वेरेसमध्ये ठाण मांडले. परंपरा अशी सांगते की १४४९ साली एके दिवशी ती पतीसह किल्ला उतरून गावाच्या चौकात आली आणि सामान्य गावकऱ्यांबरोबर नाचली. गाव तिच्या बाजूचे झाले. पण दरबार बाजूचा नव्हता. १४५६ मध्ये तिला हक्क सोडावा लागला आणि वारसा जाकोमोकडे गेला. वेरेसच्या वार्षिक कार्निव्हलमध्ये गावकरी आजही कातेरीनाचे ते नृत्य साजरे करतात. जाकोमोची मिरवणूक कोणी काढत नाही.

आपल्याकडे २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि तो कायदा जैनांनाही लागू आहे. तरी वडिलांच्या तेराव्यानंतर बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवणारी सुखवस्तू घरे कमी नाहीत. ती सही बहुधा प्रेमाने होते. कधी कधी केवळ माहेर तुटू नये म्हणून होते. वेरेसच्या त्या उघड्यावाघड्या दालनांत कातेरीनाची कथा ऐकताना एखादी भगिनी अबोल झाली, तर तिला कारण विचारू नये.

नदी ओलांडून इसोन्येला आले की सारे वातावरण बदलते. बाहेरून हा गावातलाच एक साधासा मोठा वाडा. आत चौक, बाग आणि चौकाच्या मधोमध अष्टकोनी दगडी कुंडात उभे असलेले लोखंडी डाळिंबाचे झाड. फळे डाळिंबाची, पाने ओकची, फांद्यांतून पाण्याच्या धारा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस आओस्ताच्या संत ओर्सो मठाचा प्रमुख जॉर्ज द शालां याने हा वाडा नव्याने उभारला. आपल्या चुलतभावाची विधवा मार्गेरीत आणि तिचा लहान मुलगा यांच्यासाठी.

चौकालगतच्या ओसरीत, भिंतीच्या वरच्या कमानदार भागांत जी चित्रे आहेत, त्यांपाशी प्रत्येक व्यापाऱ्याचे पाऊल थांबेल. सरदाराच्या वाड्यात शिकार, युद्धे, संतचरित्रे असणार अशी अपेक्षा असते. येथे दुकाने आहेत. शिंप्याच्या दुकानात कापडाचे तागे मांडले आहेत आणि कात्री चालू आहे. औषधविक्याकडे फडताळावर बरण्या ओळीने लावल्या आहेत आणि एक फाटक्या कपड्यांतील माणूस खलबत्त्यात काही कुटतो आहे. भटारखान्यात पाव भट्टीत जात आहेत. भाजीबाजारात बायांची गर्दी उसळली आहे. वाण्याच्या दुकानात चीजचे गोल रचलेले आहेत. फोंतीनाचे हे सर्वांत जुने चित्र, असे खोऱ्यातील लोक अभिमानाने सांगतात. खाटकाचे दुकानही आहे. तेथे आपली नजर वळते. पहाऱ्याच्या चौकीत शिपाई चक्क पट मांडून खेळत बसले आहेत, शस्त्रे मागे टांगलेली. पाचशे वर्षांपूर्वीच्या बाजारपेठेचे इतके घरगुती दर्शन फार थोड्या ठिकाणी घडते. पथकरावर वाढलेल्या घराण्याने आपल्या दारातच बाजार रंगवून घ्यावा, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे लागेल.

चौकाच्या भिंतींवर घराण्याची आणि सोयऱ्यांची मानचिन्हे पिढीवार चितारली आहेत. या चित्रवंशावळीला ‘शालांच्या मुलांसाठी आरसा’ असे नाव होते. मुलांनी रोज पाहावे की आपण कोण. आणि त्याच वाड्याच्या भिंतींवर पाहुण्यांनी व चाकरांनी टोकदार वस्तूने ओरखडून लिहिलेल्या शेकडो ओळी आहेत: प्रेमाच्या, पैशाच्या, थट्टेच्या. १५६५ साली रेने द शालां वारला, त्या दुःखाची नोंदही आहे.

रेनेलाही मुलगा नव्हता. मालमत्ता धाकट्या मुलीच्या, म्हणजे इझाबेलच्या, सासरी माद्रुत्सो घराण्याकडे गेली आणि पुन्हा चुलतांचे दावे उभे राहिले. हा कज्जा १६९६ पर्यंत चालला. शालांना वाडा परत मिळाला, पण तोवर एकशे एकतीस वर्षे गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घराणे निर्वंश झाले, वाडा या हातातून त्या हातात गेला, आतील सामान विकले गेले. आरसा राहिला, त्यात पाहणारी मुले राहिली नाहीत.

१८७२ मध्ये तुरिनच्या व्हित्तोरिओ आव्होंदो या चित्रकाराने तो रिकामा वाडा विकत घेतला. शालांशी त्याचे काही नाते नव्हते. बाहेर गेलेले जुने सामान त्याने बाजारातून शोधून परत आणले. जे मिळाले नाही, त्याच्या हुबेहूब प्रतिकृती करवून घेतल्या. भिंतींवरील ओरखडेही त्याने पुसू दिले नाहीत. १९०७ साली त्याने तो वाडा इटालियन सरकारला दान केला.