उपवास कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो

मंडळी, खाण्याच्या विकारांवर बोलायला तत्त्वज्ञानाचा माणूस कशाला, असं तुम्हाला वाटलं असेल. उपचार डॉक्टरांनीच सांगावेत, ते आमचं काम नाही. पण एकाच वागण्याला घरात एक नाव असतं आणि दवाखान्यात दुसरं, तेव्हा घोटाळा शब्दांचा असतो. आणि शब्दांशी आमचा जन्मभर संबंध आला.

आधी आमची चूक सांगतो. आमच्या वर्गात एक मुलगी होती. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. आम्ही भर वर्गात तिच्या निग्रहाचं कौतुक केलं. पुढे तिला रुग्णालयात ठेवावं लागलं, तेव्हा कळलं की उपवास ती कधी सोडतच नव्हती.

या आजाराला विल्यम गल या इंग्रज डॉक्टरांनी १८७३ च्या सुमारास नाव दिलं: अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे भूक नसणं. हे नावच दिशाभूल करतं. भूक असते हो! पुष्कळदा ती माणसं दिवसभर अन्नाचाच विचार करतात, दुसऱ्यांना रांधून वाढतात. पण वजन वाढण्याची भीती भुकेपेक्षा मोठी असते. हाडं दिसू लागली तरी आरशात जाड शरीर दिसतं. थंडी सोसवत नाही, पाळी थांबू शकते, हृदयाचे ठोके मंदावतात.

आता विनोबा आठवा. आपल्याच रायगडातले, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला त्यांनी अन्न आणि औषध नाकारलं; १५ तारखेला ते गेले. ते योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. ताट इथेही रिकामं, तिथेही रिकामं. मग फरक काय? विनोबांचा निर्णय उघड होता आणि त्यामागे वजनाची धास्ती नव्हती. आमची विद्यार्थिनी मात्र जेवल्याचं खोटं सांगत होती. व्रताला पारणं असतं. आजारी, म्हातारे, लहान मुलं यांना शास्त्रानेच सूट दिलेली असते. आजाराला पारणं नाही. म्हणून ‘किती खाल्लं?’ यापेक्षा ‘ठरवलं तर आज सोडता येईल का?’ हा प्रश्न आम्हाला जास्त उपयोगी वाटतो.

बुलिमिया याहून लपलेला. थोड्या वेळात बेसुमार खायचं, मग ओकून काढायचं, जुलाबाची औषधं घ्यायची किंवा कडक उपाशी राहायचं. १९७९ मध्ये जेराल्ड रसेल यांनी त्याचं वर्णन केलं. वजन पुष्कळदा नेहमीसारखंच असतं, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. दातांचं कवच झिजतं. रक्तातलं पोटॅशियम घसरलं, तर हृदयाची लय बिघडून जीवही जाऊ शकतो.

बेसुमार खाणं आहे, पण ओकणं वगैरे नाही, तो बिंज ईटिंगचा विकार. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २०१३ साली. आपल्याकडे त्याला एकच शब्द, खादाडपणा. एकादशीला दुप्पट खाणारे आपण सगळेच. तो आजार नव्हे. इथे मात्र पोट दुखेपर्यंत, एकट्याने, लपून खाल्लं जातं आणि मागे लाज उरते, पुन्हा पुन्हा. अ‍ॅरिस्टॉटल शिकवताना आम्ही हेच उदाहरण दुबळ्या इच्छाशक्तीचं म्हणून देत असू. आज देणार नाही. ‘जरा मनावर ताबा ठेव’ म्हटल्याने लाज वाढते, आणि लाज वाढली की पुन्हा खाणं.

आणखी दोन प्रकार. वजनाची काही चिंता नाही, पण वास, स्पर्श किंवा घशात अडकण्याची भीती, यामुळे मोजकेच पदार्थ खाणारं मूल. घरी त्याला नखरे म्हणतात. आणि पायका, म्हणजे माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खाणं. गरोदरपणी त्याला डोहाळे म्हणून सोडून देतात, पण मागे अनेकदा लोहाची कमतरता असते, रक्त तपासावं. चरकसंहितेत माती खाण्याने होणारा पांडुरोग वेगळा सांगितलेला आहे, हे लक्षात घ्या.

एक सूचना आयांसाठी आणि आज्यांसाठी. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला एकदम तूप-भात भरवू नका. रक्तातले क्षार अचानक घसरून ते जिवावर बेतू शकतं. खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवावं लागतं. चक्कर, छातीत धडधड, सततच्या ओकाऱ्या असतील तर थेट रुग्णालय गाठा. कुणाशी बोलावं हेच सुचत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे मराठीतूनही बोलता येतं.