साखर सोडली, गूळ धरला. तरी शुगर का वाढते? समजून घ्या गूळ, काकवी, मध आणि खजुराचं खरं गणित

कोल्हापूर : "साखर बंद केली, आता गुळाचाच चहा पितो. तरी रिपोर्टमध्ये शुगर वाढलीच कशी?" असा प्रश्न आता गावागावांत ऐकू येतो. साखर वाईट आणि गूळ चांगला, एवढंच मोबाईलवर वाचून अनेकांनी डबा बदलला. पण चमचे मोजायचे राहून गेले. घरात शुगरचा पेशंट असेल तर ही गोष्ट नीट समजून घेणं गरजेचं आहे.

साखर आणि गूळ, फरक किती?

दोन्हींचं मूळ एकच, उसाचा रस. गुऱ्हाळावर हा रस काहिलीत आटवतात, मळी काढतात आणि गूळ तयार होतो. कारखान्यात बहुतेक ठिकाणी चुना आणि गंधकाचा धूर वापरून रस साफ करतात, मग साखरेचे दाणे वेगळे काढतात. रसातली लोह, पोटॅशियम, मॅग्नेशियम अशी खनिजं मळीबरोबर निघून जातात. गुळात ती थोडीफार राहतात.

फरक आहे तो एवढाच. १०० ग्रॅम साखरेतून सुमारे ४०० कॅलरी मिळतात, तर गुळातून सुमारे ३८०. गुळातला मोठा भाग साखरच असतो. त्यामुळं गूळ खाल्ल्यावरही रक्तातली शुगर वाढतेच. डायबेटिस असलेल्यांनी गूळ 'चालतो' असं समजू नये.

गुळानं रक्त वाढतं का?

गुळात लोह आहे, हे खरं. पण १० ग्रॅमच्या खड्यातून फार तर अर्धा-एक मिलिग्रॅम लोह मिळतं. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. ते गुळातून भरून काढायचं म्हटलं तर पाव किलोपेक्षा जास्त गूळ खावा लागेल! म्हणून आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करून गुळावर भरवसा ठेवू नका. गरोदर बायकांनी तर अजिबात नको. शेंगदाणे-गूळ खा, पण गोळीच्या जागी नव्हे.

इतर पर्याय कसे आहेत?

काकवी : गूळ होण्याआधी काढलेला घट्ट पाक. भाकरी-चपातीबरोबर चवीला उत्तम. पण हिशोब गुळासारखाच, एक-दोन चमच्यांवर थांबा.

मध : यात साधारण ८० टक्के साखरच असते. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका. त्यातल्या जंतूंमुळं बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळाला मध चाटवण्याची जुनी पद्धत असली तरी आता टाळलेली बरी.

खजूर, मनुका, अंजीर : यात गोडीबरोबर तंतू म्हणजे चोथा असतो, म्हणून साखरेपेक्षा हे बरे. तरी एका मध्यम खजुरात जवळपास एक चमचा साखर असते. दोन-तीन पुरेत.

पिकलेलं केळं, चिकू, रताळं : शिऱ्यात, खिरीत किंवा मुलांच्या खाऊत हे घातलं की वरून गोड कमी लागतं. दोन वर्षांखालच्या मुलांच्या खाण्यात साखर-गूळ दोन्ही नको. शुगर असणाऱ्यांनी मात्र ही फळंही मोजूनच खावीत.

दिवसाला किती चालेल?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये मर्यादा सांगितली आहे. दिवसभराच्या एकूण कॅलरीपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी साखर, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. साधारण २,००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला हे ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम होतं. वरून घातलेली साखर, गूळ, काकवी, मध हे सगळं त्यात धरायचं.

आता आपलं बघा. दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे आठ चमचे. चमचा ५ ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम नुसत्या चहातून गेले. घरात पाच माणसं असतील तर महिन्याला सहा किलो! बिस्कीट, शिरा, सणवार वेगळेच.

गूळ घेताना हे बघा

कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, पण बाजारातला प्रत्येक रवा तसा असेलच असं नाही. पिवळाधमक, चकचकीत रंग येण्यासाठी काही ठिकाणी हायड्रॉस पावडर वापरतात. गुळात साखर मिसळल्याच्या तक्रारीही होतात. ओळखीच्या गुऱ्हाळावरून घेतलेला तांबूस-तपकिरी गूळ त्या मानानं बरा. थोडा गूळ ग्लासभर पाण्यात विरघळवा. तळाशी पांढरा गाळ बसला तर खडूच्या भुकटीची भेसळ असू शकते.

सुरुवात कशी करायची?

एकदम सगळं बंद केलं की चार दिवसांत पुन्हा सुरू होतं. त्यापेक्षा दर आठवड्याला कपामागं अर्धा चमचा कमी करा. महिनाभरात जिभेला सवय होते. गुळाचा चहा करायचा तर गॅस बंद करून मग गूळ घाला, नाहीतर दूध फाटतं. पाहुण्यांना गूळ-पाणी द्यायची आपली रीत चांगलीच आहे, फक्त खडा लहान ठेवा.

आणि एक महत्त्वाचं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला अचानक घाम फुटला, हातपाय थरथरले, चक्कर आली, तर शुगर कमी झालेली असू शकते. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि दवाखाना गाठा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

तिशी ओलांडलेल्यांनी जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन शुगर तपासून घ्यावी. तिथं ही तपासणी मोफत होते.