आधी काठ, मग खड्डा

बाजार समितीच्या आवारात पिकअपला पोचा पडायला अपघात व्हावा लागत नाही. ओट्याला गाडी लावताना मागून कुणी तरी ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत असतो आणि शेजारच्या टेम्पोचा आरसा वाचवण्याच्या नादात हौदा सिमेंटच्या खांबाला चेपतो. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावला किंवा पिंपळगाव बसवंतला पिकअपची रांग लागलेली असते, तेव्हा तिच्यात सरळ पत्र्याची गाडी शोधावी लागते. मालक बहुतेक पोचे तसेच वागवतात. गाडीचा धंदा इंजिनावर आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर चालतो, पत्र्याकडे बघतो कोण? पण हौद्याच्या फाळक्याची कडी लागेनाशी झाली, दरवाजा अडायला लागला किंवा रंग उडालेल्या जागी गंज फुटला, की गाडी डेंटरच्या दारात येते.

गाडी उभी राहताच हातोडी उचलतो तो डेंटर मला तरी कच्चा वाटतो. मुरलेला मिस्त्री आधी गाडीला तिरप्या उजेडात आणतो, पत्र्याच्या पातळीत डोळा नेऊन लांबवर बघतो. मग तळहात सपाट ठेवून लांब फिरवतो, चांगल्या पत्र्यावरून पोच्यात आणि पोच्यातून पलीकडच्या चांगल्या पत्र्यावर. डोळ्याला न दिसणारा अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा हाताला कळतो. काही जण मध्ये पातळ फडकं धरतात. हात अडत नाही आणि चढउतार जास्त स्पष्ट लागतो.

तो जे शोधत असतो ते खड्ड्याच्या तळाशी नसतं. केबिनचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा, हौद्याचा सहसा त्याहून थोडा जाड. दाब बसला की पोलाद आधी लवचिकपणे वाकतं आणि दाब गेला की परत येऊ पाहतं. मर्यादेपलीकडे ताण गेला तरच ते कायमचं वाकतं. पोच्याचा मधला मोठा भाग बहुतेक वेळा या मर्यादेच्या आतच राहिलेला असतो. त्याला परत यायचं असतं, पण भोवती पडलेली घडी त्याला अडवून धरते. पत्रा खरा मोडलेला असतो तो या घडीत. शिवाय मोडताना पोलाद कडक होतं, त्यामुळे घडी आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा ताठ असते. म्हणून आतून खड्ड्याच्या मध्यावर घणाघात करणारा पोचा काढत नाही, पत्रा ताणून ठेवतो. जाणकार उलट्या क्रमाने जातो: जे शेवटी वाकलं ते आधी सोडवायचं. काठ सैल झाला की पुष्कळदा मधला भाग आपणहून ‘टप्’ करून वर येतो.

हौद्याची बाजू ही डेंटरची आवडती जागा. एकेरी पत्रा, दोन्हीकडून हात पोचतो. पोऱ्या आत बसून खोलगट जागेला डॉली लावतो. डॉली म्हणजे मुठीत मावणारा, वेगवेगळ्या गोलाईचा घडीव लोखंडी ठोकळा. बाहेरून मिस्त्री डॉलीच्या डोक्यावर मारत नाही. शेजारच्या उंचवट्यावर मारतो. उंचवटा खाली बसतो आणि त्याच वेळी डॉलीचा दाब खोलगट भाग वर ढकलतो. हातोडी हलकी असते, काम मनगटाचं. आवाज बोदा येतो. तोच घाव नेमका डॉलीवर पडला, पत्रा दोन लोखंडांच्या मध्ये सापडला, तर ‘टण्’ असा स्वच्छ आवाज येतो. पोऱ्याचा हात चार बोटं सरकला तरी उस्तादाला बाहेरून ऐकू येतं आणि आत शिवी पोचते.

‘टण्’चे घाव लागतातच, पण शेवटी आणि मोजके. पुण्याच्या तांबट आळीत हेच तंत्र उलट्या हेतूने चालतं. तांबट भांडं लोखंडी आधारावर धरून मठारतो, कारण घावागणिक तांबं कडक व्हावं, भांड्याला बळकटी यावी, वर ती चकाकणारी टिकली उमटावी हे त्याला हवंच असतं. डेंटरला मात्र प्रत्येक घाव महाग पडतो. दोन लोखंडांत सापडलेला पत्रा पसरतो आणि पसरलेल्या पत्र्याला मावायला जागा नसते. मग अंगठ्याने दाबलं की आत जातो, सोडलं की बाहेर येतो, नुसता डबडब करतो. त्यावर उपाय आगीचा. गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढा ठिपका लाल करायचा, भोवतीच्या थंड पत्र्याने अडवल्यामुळे तो फुगून वर येतो, त्याला पटकन चापट मारून बसवायचं आणि ओलं फडकं लावायचं. थंड होताना तो ठिपका आखडतो आणि ढिलाई ओढून घेतो. ठिपके किती आणि कुठे, यात उस्तादी आहे. जास्त झाले तर पत्रा दुसरीकडून सुरकुततो.

दरवाज्याला आतला साचा असतो. गादी काढून भोकांतून वाकडा गज घालावा लागतो. केबिनचा मागचा कोपरा तर बंद पेटीच. तिथे पूर्वी भोकं पाडून आकड्याने पत्रा ओढत. नंतर ती भोकं वेल्डिंगने बुजवायची, पण आळशी माणूस पुट्टीनेच बुजवी, आणि मागून पाणी शिरून वर्षभरात तिथेच गंज येई. आता पत्र्यावर वायसर वेल्डिंगने टाचून सरकत्या वजनाच्या दांड्याने ओढतात. भोक पडत नाही.

पुट्टीला शिव्या देण्याची फॅशन आहे. ती मला पटत नाही. पॉलिएस्टर पुट्टी १९५० च्या दशकात अमेरिकेत आली, त्याआधी कारागीर शिसं-कथलाचा मिश्रधातू वितळवून पत्र्यावर चढवत. शिशाच्या धुळीपेक्षा पुट्टी बरीच म्हणायची. साधारण दोन टक्के हार्डनर मिसळला की ती काही मिनिटांत घट्ट होते. मे महिन्याच्या उन्हात तर पटकन. घाईने हार्डनर जास्त घातला तर पुढे रंगातून डाग वर येतो. कातडीसारखा पातळ थर राहिला तर ती वर्षानुवर्षं टिकते. दुखणं सुरू होतं पत्रा सरळ करण्याऐवजी खड्डाच पुट्टीने भरला की. खचाखच भरलेला हौदा कच्च्या रस्त्यावर पिळवटतो. पत्रा लवतो, बोटभर जाड पुट्टी लवत नाही. एके दिवशी अख्खी खपली गळून पडते. जुनी गाडी घेणारे म्हणूनच खिशात लोहचुंबक ठेवतात; जाड पुट्टीवर ते चिकटत नाही. अर्थात अमेरिकेत फोर्डने २०१५ च्या मॉडेलपासून एफ-१५० पिकअपची बॉडी ॲल्युमिनियमची केली, तिथे चुंबक काय सांगणार? पोलादावर वापरलेली हातोडीसुद्धा त्या पत्र्याला लावत नाहीत; रुतलेल्या लोखंडी कणांनी ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

पुढचं काम पेंटरचं. ऐंशी नंबरच्या कागदापासून दोन हजारपर्यंत घासाई, प्रायमर, रंग, लॅकर. टू-के, म्हणजे दोन घटक मिसळून मारायच्या, रंगाच्या हार्डनरमधले आयसोसायनेट दम्याला आमंत्रण देतात, आणि तरीही बहुतेक पेंटर तोंडाला रुमालच बांधून स्प्रे मारताना दिसतात.

विम्याने पैसे द्यावेत अशी आशा मालकाने फारशी करू नये. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत मडगार्ड, बंपर, दिवे, रंगकाम मुळातच वगळलेलं असतं. जादा हप्ता भरून ‘आयएमटी २३’ हे जोडकलम घेतलं तरच ते येतं, तेही निम्म्यावर. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला लोखंडी सुट्या भागांवर ४० टक्के घसारा कापतात. वर नो क्लेम बोनस बुडतो. तेव्हा गाडीवाला म्हणतो, ‘मिस्त्री, रंगाचं राहू द्या, फाळका लागला म्हणजे झालं.’ मग सरळ केलेल्या जागेवर नुसता रेड ऑक्साइडचा हात मारून गाडी संध्याकाळच्या भाड्याला निघते. ना पुट्टी, ना चकाकी. उरलेला प्रत्येक उंचवटा उघड दिसणार. डेंटरला पत्रा खरोखर सरळ करावा लागतो तो अशाच गाडीत, आणि पैशाची सगळ्यात जास्त घासाघीसही तिच्यावरच होते.