थर कुठल्या दिशेला?
लेथवर धातू कापून पार्ट बनतो. थ्रीडी प्रिंटर तो थरावर थर चढवून बनवतो. म्हणून पार्ट कसा ठेवून छापायचा, हे विद्यार्थ्यांनी डिझाइन करतानाच ठरवावं. प्लास्टिकचा हुक उभा छापला, तर वजन थरांना एकमेकांपासून ओढतं आणि तो थरांच्या जोडावर तुटतो. तोच आडवा छापला, तर ओढ अखंड धाग्यांवर येते. हुक जास्त वजन पेलतो. शिवाय उभ्या रेषेपासून ४५ अंशांहून जास्त झुकणाऱ्या भागाला सहसा लागणारा आधारही वाचतो. वर्गात दोन्ही छापा, तुटेपर्यंत वजन टांगा. बर्फात रस्ता बंद झाला, की चौकीवर स्पेअर पोहोचत नाही. उद्या तिथं छापलेल्या पार्टवर जवान विसंबेल. पार्ट तुटायचाच असेल, तर वर्गात तुटू दे. जय हिंद.