पूल दिसतो कुठून?

पुलांची छायाचित्रे आपण नेहमी पाहतो. दिनदर्शिकेवर, भूगोलाच्या पुस्तकात, वर्तमानपत्रात ती असतातच. त्यांतली बहुतेक पाहिली की विसरली जातात, एखादेच मनात राहते. असे का व्हावे? पूल देखणा होता, कॅमेरा भारी होता, मागे सूर्यास्त होता, अशी उत्तरे चटकन सुचतात. पण तसे असलेली कितीतरी छायाचित्रेही आपण विसरतो.

आम्हाला याचे उत्तर वेगळे वाटते. पूल ही काम करणारी वस्तू आहे. वरून जाणारा भार झेलायचा आणि तो जमिनीपर्यंत पोहोचवायचा, हे ते काम. ज्या छायाचित्रात हे काम चाललेले दिसते, ते मनात राहते. ते दिसावे यासाठी काय करावे लागते, ते एका जुन्या छायाचित्राच्या मदतीने समजून घेऊ.

माणसांचा पूल

स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळ फोर्थ नदीच्या खाडीवर रेल्वेचा एक प्रचंड पोलादी पूल आहे. ४ मार्च १८९० रोजी तो अधिकृतपणे सुरू झाला आणि आजही त्यावरून गाड्या धावतात. त्याचे दोन मुख्य गाळे प्रत्येकी सुमारे ५२१ मीटर लांबीचे आहेत. त्याचे अभियंते होते जॉन फाउलर आणि बेंजामिन बेकर.

हा पूल बांधायला घेतला तेव्हा लोकांच्या मनात भीती होती. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री जवळच्याच टे नदीवरच्या पुलाचा मधला भाग आगगाडीसह कोसळला होता. गाडीतले कोणीही वाचले नाही. त्यामुळे नव्या पुलाची रचना भक्कम आहे, एवढे सांगून भागणार नव्हते. ती का भक्कम आहे हे सामान्य माणसाला पटवणे भाग होते.

ही रचना ‘कॅन्टिलिव्हर’ पद्धतीची आहे. एका टोकाला पक्की धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी अशी तुळई म्हणजे कॅन्टिलिव्हर. घराचा सज्जा हे त्याचे नेहमीचे उदाहरण. १८८७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात बेकर यांनी ही रचना चक्क माणसे बसवून समजावली. त्या मांडणीचे छायाचित्र आज जगभर प्रसिद्ध आहे.

त्यात दोन माणसे थोड्या अंतरावर खुर्च्यांवर बसली आहेत. दोघांनीही हात दोन्ही बाजूंना पसरले आहेत. प्रत्येक हातात एका काठीचे वरचे टोक आहे. काठी तिरकी खाली येऊन खुर्चीच्या बैठकीला टेकली आहे. बाहेरच्या बाजूच्या हातांना विटांचे ढीग बांधले आहेत. आतल्या बाजूच्या काठ्यांवर मध्ये एक फळी अडकवली आहे आणि तिच्यावर तिसरा माणूस अधांतरी बसला आहे. हा तिसरा माणूस म्हणजे काइची वातानाबे, त्या काळी फाउलर आणि बेकर यांच्या हाताखाली काम करणारे जपानी अभियंता.

मधल्या माणसाच्या वजनाने बाजूच्या दोघांचे हात ओढले जातात, म्हणजे हातांत ताण आहे. काठ्या दाबल्या जातात, म्हणजे त्यांत दाब आहे. खुर्च्यांचे पाय म्हणजे पुलाचे पाये. विटांचे ढीग म्हणजे काठाकडच्या टोकांना दिलेला प्रतिभार. ते नसते तर दोघेही आत कलंडले असते. प्रत्यक्ष पुलात असे दोन नव्हे, तर तीन मनोरे आहेत. पण तत्त्व तेच.

हे छायाचित्र परिणामकारक का ठरते? त्यात नदी नाही, आकाश नाही, पोलादही नाही. पण पाहणाऱ्याला आपल्याच खांद्यांत ताण जाणवतो. बळे डोळ्यांना दिसत नाहीत; येथे ती ओळखीच्या शरीरात उतरलेली आहेत.

वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. दोन खुर्च्या, चार काठ्या, एक फळी, दोर आणि वजनासाठी भरलेली दप्तरे पुरेत. मध्ये सर्वांत हलके मूल बसवावे, फळी जमिनीपासून वीतभरच वर ठेवावी आणि शिक्षकांनी जवळ उभे राहावे. ‘ओढ कुठे जाणवते? कुठे दाबल्यासारखे वाटते?’ हे मुलांनाच विचारावे.

ताण बारीक, दाब जाड

आता खऱ्या पुलाचे बाजूने घेतलेले छायाचित्र पाहा. त्यातले खालचे मोठे भाग गोल नळ्यांचे आहेत. सर्वांत जाड नळ्यांचा व्यास सुमारे ३.७ मीटर आहे. वरचे भाग मात्र जाळीदार आणि हलके दिसतात. हा फरक शोभेसाठी नाही. कागदाची एक पट्टी दोन्ही टोकांना धरून ओढा, ती बराच ताण सोसते. तीच पट्टी दोन्ही टोकांकडून दाबा, ती लगेच वाकते. तिची सुरळी करून दाबली तर मात्र ती चांगलाच विरोध करते. म्हणून दाब सोसणारे भाग नळीसारखे केले आणि ताण सोसणारे भाग जाळीदार ठेवले. हे एकदा कळले की छायाचित्र वाचता येते: जाड ते दाबातले, जाळीचे ते ताणातले.

पण हे दिसण्यासाठी छायाचित्र बाजूने काढलेले हवे, आणि प्रकाश अनुकूल हवा. भर दुपारी ऊन डोक्यावरून पडते आणि पुलाखालची बाजू काळोखात बुडते. सकाळी किंवा सायंकाळी ते बाजूने येते, तेव्हा प्रत्येक भागाची सावली पडून जाडी-खोली उमगते. सूर्य पुलाच्या मागे असेल तर पूल काळ्या रेषांचा होतो. पोलादी सांगाड्याची जणू आकृतीच मिळते. अशा वेळी सूर्य खांबाआड राहील असे उभे राहावे, त्याच्याकडे थेट पाहू नये.

अंतराचे गणित

कॅमेरा कोणता यापेक्षा आपण कोठे उभे आहोत, याने चित्र अधिक बदलते. समजा पुलाचे दोन सारख्या उंचीचे खांब एकमेकांपासून ३० मीटरवर आहेत आणि आपण त्यांच्या रांगेत उभे आहोत. पहिला खांब आपल्यापासून १० मीटरवर असेल तर दुसरा ४० मीटरवर येतो. चित्रातली उंची अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून दुसरा खांब पहिल्याच्या पाव उंचीचा दिसेल. आता मागे सरकून पहिल्या खांबापासून १०० मीटरवर जा. दुसरा १३० मीटरवर आला. तो पहिल्याच्या सुमारे ७७ टक्के उंचीचा दिसेल. जवळून काढलेल्या चित्रात पूल दूरवर धावत गेल्यासारखा वाटतो, लांबून काढलेल्यात खांब एकमेकांना चिकटल्यासारखे वाटतात.

झूम वापरून हे प्रमाण बदलत नाही. झूम सर्वच वस्तू सारख्या पटीने मोठ्या करतो. प्रमाण बदलायचे तर पायांनीच चालावे लागते.

संपूर्ण पूल बाजूने टिपायचा असेल तर किती दूर जावे? मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याने आडवे चित्र घेताना लांबीच्या साधारण पाऊणपट अंतर लागते. म्हणजे १०० मीटरच्या पुलासाठी सुमारे ७५ मीटर. फोन उभ्या पातळीत धरावा. तो वर कलला की समांतर खांब माथ्याकडे एकमेकांना झुकलेले दिसतात. चित्रात पुलाजवळ एखादा माणूस असू द्यावा, म्हणजे पाहणाऱ्याला मापाचा अंदाज येतो.

संथ पाण्यातले प्रतिबिंबही नीट पाहण्याजोगे आहे. ती वरच्या दृश्याची उलटी नक्कल नसते. आपला डोळा पाण्याच्या पातळीच्या जितका वर असेल तितकाच खाली तो असता, तर पूल जसा दिसला असता तसा तो प्रतिबिंबात दिसतो. म्हणून पुलाची पोटाकडची बाजू काठावरून थेट दिसते त्यापेक्षा पाण्यात अधिक दिसते.

पुलाबाहेर या

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. पूल पाहायचा तर पुलावरून उतरून दूर जावे लागते. वर उभे राहून रस्ता दिसतो, कठडा दिसतो, नदी दिसते. पूल दिसत नाही. आपल्या पायाखालचा भाग कोणत्या अवस्थेत आहे हे तिथून कळत नाही. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला, त्यासोबत एस.टी.च्या दोन गाड्याही गेल्या.

पूल सुरक्षित आहे की नाही हे ठरवणे अभियंत्यांचे काम आहे. छायाचित्र ती तपासणी करू शकत नाही. पण पाहायची सवय मात्र शाळा लावू शकते. आम्ही एक उपक्रम सुचवतो. गावाजवळच्या पुलाच्या बाजूला, पाण्यापासून सुरक्षित अंतरावर, एक जागा ठरवा आणि तिथे खूण करा. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर त्याच खुणेवरून, त्याच उंचीवर फोन धरून, झूम न वापरता, दिवसाच्या त्याच वेळी एक छायाचित्र घ्या. मागे तारीख लिहून ते वहीत चिकटवा. जागा, उंची आणि वेळ तीच ठेवली की चित्रांत दिसणारा फरक पुलाचा किंवा नदीचा असण्याची शक्यता वाढते. खांबाच्या बुडाशी वाळू खचली का? दगडांच्या सांध्यात पिंपळ रुजला का? कठडा सरळ आहे का? असे काही आढळले तर चित्रांसह ग्रामपंचायतीला किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाला पत्र लिहावे. ते पत्र मुलांनीच लिहावे, आणि त्यात आपल्याला काय दिसले एवढेच लिहावे.